क्रमांक चौऱ्याहत्तरची बाटली

हिंके पोस्तुमाने एकतीस वर्षं लोकांची लघवी तपासली आणि त्याबद्दल समाजाने तिला काय दिलं, तर वाढदिवसाच्या बैठकीत दाराजवळची खुर्ची. नेदरलँड्सच्या उत्तरेतल्या फ्रिसलंड प्रांतात वाढदिवसाला सगळे गोल करून बसतात, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी, आणि कामाधामाच्या गप्पा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. त्या हिंकेपर्यंत आल्या की तिची नणंद घाईघाईने उठून कॉफी हवी का विचारायची. एकदा कुणा नव्या पाहुण्याने भाबडेपणाने विचारलं होतं, "लॅबमध्ये म्हणजे नेमकं काय करता?" हिंकेने नेमकं सांगितलं. त्या दिवशी केक उरला. तिची आई शेजाऱ्यांना सांगायची, "आमची हिंके रसायनांत आहे." हेही खोटं नव्हतंच.

हॉस्पिटलात तिचा विभाग तळघराच्या एक पायरी वर होता. रक्तवाल्यांना खिडक्या होत्या. लघवीवाल्यांना पंखा होता. हिंकेची त्याबद्दल तक्रार नव्हती. कुठल्याही पेशंटचं तोंड न बघता त्याच्या पोटात काय चाललंय हे आपल्याला कळतं, याचा तिला आतून मोठा अभिमान होता, आणि फ्रिसियन बाई असल्यामुळे तो तिने कुणाला कळू दिला नव्हता.

तिचं खास काम होतं एका दुर्मिळ गाठीचं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. क्वचित कुणाच्या तरी त्या ग्रंथीत गाठ होते आणि ती गाठ वेळीअवेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन ओतत सुटते. माणूस पांढराफटक पडतो, घामाने निथळतो, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं, रक्तदाब छपराला लागतो. अर्ध्या तासात सगळं शांत. डॉक्टरकडे पोचेपर्यंत पेशंट ठणठणीत, मग डॉक्टर म्हणतो, "जरा सुट्टी घ्या, मन शांत ठेवा." अशी माणसं दहा दहा वर्षं मन शांत ठेवत फिरतात. पण अ‍ॅड्रेनलिन जळून गेल्यावर त्याची राख लघवीत उतरते. चोवीस तासांची लघवी एका बाटलीत गोळा केली आणि त्यातली राख मोजली, की चोर सापडतो. मोजणारं यंत्र खरं बोलत असलं तर.

दोन हजार नऊ साली नवं यंत्र आलं. जुनं यंत्र खोकत, कुरकुरत दिवसाला बारा नमुने मोजायचं आणि पेशंटने डोकेदुखीची साधी गोळी घेतली असली तरी गोंधळायचं. नवं यंत्र एकेका रेणूचं वजन करून त्याला ओळखायचं. त्याच्याबरोबर एक नवा साहेबही आला, डॉ. फ्लोरिस टेरविंट, वय छत्तीस, मुक्काम पूर्वी अ‍ॅमस्टरडॅम. हे उत्तरेत येणं म्हणजे आपण मागासांसाठी केलेला त्याग आहे अशी त्याची समजूत होती आणि ती तो सकाळच्या कॉफीला रोज एकदा सांगायचा.

"हिंके, मे महिन्यात मान्यता समिती येतेय," तो म्हणाला. "त्याआधी ही चाचणी पडताळून मोकळी करायची. तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत मी फ्रिज पुसून देते," हिंके म्हणाली.

"कंपनीने पडताळलेलीच आहे की. आपण फक्त दाखवायचं की आपल्याकडेही चालते."

"कंपनीने स्वतःच्या यंत्राला चांगलं म्हटलं, हो ना? माझी आईही मला सुंदर म्हणायची."

मग हिंकेने जे करायचं ते केलं. एकच नमुना वीस वेळा मोजला, वीस वेळा तेच उत्तर येतं का बघितलं. लघवीत मोजून मापून राख मिसळली आणि घातली तेवढी परत मिळते का तपासलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवले, टेबलावर ठेवले, खिडकीच्या उन्हात ठेवले. खिडकी रक्तवाल्यांकडून उसनी घेतली. डोकेदुखीच्या गोळ्या कुटून घातल्या. यंत्राने प्रत्येक परीक्षा पास केली, आणि हिंकेला ते थोडं आवडायला लागलं.

राहिला एक प्रश्न. निरोगी माणसाच्या लघवीत राख असते तरी किती? ते माहीत नसेल तर जास्त कशाला म्हणायचं?

"चाळीस लोक घे," फ्लोरिस म्हणाला.

"एकशेवीस."

"चाळीस पुरतात. गणित सांगतं."

"मग गणिताला सांग बाटल्या गोळा करायला. मी एकशेवीस घेणार."

पुढचे दोन महिने गावात कुणी हिंकेच्या नजरेला नजर देईना. ती चर्चच्या गायकवृंदात गेली, आणि वरच्या पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो बायकांनी वह्यांत डोकी खुपसली. बर्फावरच्या स्केटिंग क्लबात गेली, तिथे एकाने विचारलं, "मोबदला काय?" "एक तपकिरी बाटली," हिंके म्हणाली, "ती पण परत द्यायची." तरी माणसं तयार झाली. फ्रिसियन माणूस आधी नाही म्हणतो, मग दाराशी बाटली आणून ठेवतो आणि बेल न वाजवता निघून जातो.

तिचा नवरा ऊबेले कालव्यावरचा उचलपूल सांभाळायचा. त्याला तिने पहिल्याच दिवशी धरलं.

"सकाळची पहिली टाकून द्यायची," तिने शिकवलं, "मग दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या सकाळची पहिली, सगळी यात. थेट बाटलीत नाही हं. आधी मगमध्ये, मग ओतायची. आत आम्ल आहे."

"म्हणजे नेम चुकला तर?"

"नेम तुझा कधी बरोबर होता? म्हणून तर मग दिलाय."

ऊबेले बाटली घेऊन पुलावरच्या केबिनमध्ये बसला. पूल उचलताना एका मालवाहू बोटीवरच्या जर्मन बाईने ती खिडकीत पाहिली आणि घरचा सफरचंदाचा रस विकता का म्हणून विचारलं. "अजून भरायचा आहे," ऊबेले म्हणाला. संध्याकाळी त्याने बाटली घरी आणली आणि म्हणाला, "पोरी, तीस वर्षांच्या संसारात तू माझ्याकडून एवढ्या प्रेमाने पहिल्यांदाच काहीतरी मागितलंस."

हॉस्पिटलातल्यांनीही बाटल्या दिल्या. त्यात सगळ्यांना धक्का देऊन एक बाटली दिली सीत्से हिल्केमांनी.

सीत्से हिल्केमा म्हणजे गुणवत्ता अधिकारी. बावन्न वर्षांचे, उभट, बगळ्यासारखे स्वच्छ. हॉस्पिटलात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, मोठ्या सर्जनलासुद्धा. एकट्या हिल्केमांना 'तुम्ही' म्हणावं लागे. कुठला कागद कुठल्या फायलीत कुठल्या सहीने जातो हे त्यांना ठाऊक होतं, आणि जे इतरांना ठाऊक नव्हतं त्यावर ते जगत. त्यांचा राग प्रसिद्ध होता. फ्रिजच्या तापमानाची एक नोंद राहिली की त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा व्हायचा, कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे, हात थरथरायचे, आणि मग ते बोलायला लागायचे. लोक सकाळी एकमेकांना विचारत, "आज हवा कशी आहे?" आणि त्याचा आकाशाशी काही संबंध नसायचा.

बाटली त्यांनी दिली ती परोपकार म्हणून नाही, तर सूचनापत्रक बरोबर लिहिलंय का हे स्वतः पाळून बघण्यासाठी. सूचनापत्रकात त्यांनी अकरा दुरुस्त्या केल्या. बाटली देणाऱ्यांनी सही करायच्या अर्जात हिंकेने एक ओळ घातली होती: तपासणीत काही वावगं आढळल्यास तुम्हाला कळवावं का? ती ओळ त्यांनी लाल पेनाने काढून टाकली. "विषयाला सोडून आहे," त्यांनी समासात लिहिलं. नावं गुप्त ठेवायचा नियमही त्यांचाच. बाटली आली की तिच्यावरचं नाव सोलायचं, क्रमांक डकवायचा, आणि नाव-क्रमांकाची यादी मोहोरबंद पाकिटात थेट त्यांच्या कपाटात.

मार्चच्या शेवटी एकशेविसावी बाटली मोजून झाली. हिंकेने आकडे कागदावर ठिपक्यांनी मांडले. एकशेएकोणीस ठिपके शाळेतल्या मुलांसारखे एका ओळीत. आणि चौऱ्याहत्तर क्रमांकाचा ठिपका पार वर, कागदाच्या कडेशी, जवळजवळ चौपट.

फ्लोरिसने पाहिलं आणि तो खांदे उडवून म्हणाला, "बाहेरचा आहे. काढून टाक. काढून टाकायचं सूत्र आहे त्यासाठी, मी देतो."

"सूत्राने आकडा जाईल. माणूस कुठे जाईल?"

"हिंके, ही पडताळणी आहे. दवाखाना नाही. आपण निरोगी लोकांची मर्यादा ठरवतोय, आणि हा निरोगी दिसत नाही. मग तो यादीत कशाला?"

"हेच मी म्हणतेय. निरोगी दिसत नाही."

"अगं, केळी खाल्ली असतील. कॉफी ढोसली असेल. त्यानेही आकडा चढतो."

शक्य होतं. हिंके काही लगेच देवदूत व्हायला निघाली नव्हती. तिला आधी यंत्रावरच संशय होता. तिने तोच नमुना पुन्हा मोजला. तेवढाच. मग जुन्या यंत्राला झोपेतून उठवून त्याच्यावर मोजला. ते खोकलं, कुरकुरलं आणि थोडं गोंधळत का होईना, जवळपास तोच आकडा म्हणालं. बाटलीत चोवीस तासांपेक्षा जास्त लघवी भरली असेल का? शरीर रोज ठरल्या मापाने टाकतं असा एक पदार्थ असतो, तो मोजला. चोख एका दिवसाची. इतक्या शिस्तीने गोळा केलेली बाटली तिने एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. बाटली बोलली असती तर तिने सही मागितली असती.

यंत्र निर्दोष, बाटली निर्दोष. आता माणूसच उरला. आणि माणूस कपाटात होता.

हिंके हिल्केमांच्या खोलीत गेली. त्या दिवशी हवा बरी होती.

"क्रमांक चौऱ्याहत्तर उघडायचा आहे," ती म्हणाली.

"पोस्तुमाबाई, क्रमांक उघडता येत नाही. लोकांना आपण शब्द दिलाय."

"त्या माणसाला बहुतेक गाठ आहे. कळवलं नाही तर मरेल एखाद दिवशी."

"त्यासाठी कोणता अर्ज आहे?"

"अर्ज नाही. अर्जातली ती ओळ तुम्हीच काढलीत."

"मग तरतूद नाही. तरतूद नाही तर मी काय करू?"

"पाकीट फोडा."

झालं. हिल्केमा उठून उभे राहिले. चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी नळ सोडल्यासारखं उतरलं. "एकतीस वर्षं तुम्ही इथे आहात," ते म्हणाले, आणि आवाज वर चढत गेला, "एकतीस वर्षं, आणि तुम्हाला एवढं कळत नाही की पद्धत म्हणजे पद्धत! उद्या प्रत्येक जण येईल, मला एक क्रमांक, मला एक क्रमांक!" कपाळावर थेंब उभे राहिले. शर्टाची कॉलर भिजली. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली, दुसरा हात छातीवर गेला.

हा देखावा हिंकेने शंभरदा पाहिला होता. दर वेळी तिने मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघितलं होतं. त्या दिवशी ती प्रथमच त्यांच्याकडे बघत राहिली. पांढरा चेहरा. घाम. धडधड. ही यादी ती पाठ म्हणू शकली असती.

"डोकं दुखतंय का?" तिने विचारलं.

"अर्थातच दुखतंय! तुमच्यासारखी माणसं असल्यावर दुसरं काय होणार?" त्यांनी कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि मोहोर तोडली. "बघाच तुम्ही आता. कुणीतरी बेशिस्त माणूस असणार. सूचना न वाचता केळी खाऊन आलेला. त्याचं नाव घ्या आणि मला मोकळं करा." त्यांचं बोट यादीवरून खाली घसरत गेलं. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. मग थांबलं.

त्यांनी यादी खिडकीच्या उजेडात धरून ती ओळ पुन्हा वाचली.

"ही यादी चुकीची आहे," हिल्केमा म्हणाले.

"यादीवर सही कुणाची आहे?"

त्यांनी सही पाहिली. खुर्चीत बसले. सगळी कारकीर्द तिने चेहऱ्यांशिवाय काढली होती. पहिल्यांदाच एका आकड्याला चेहरा मिळाला होता, आणि देवाने एवढ्या मोठ्या प्रांतातून निवडून निवडून हाच काढून दिला होता.

"केळी खाल्ली होतीत?" तिने हळूच विचारलं.

"मी सूचना पाळतो."

"काही गोळ्या?"

"डोकेदुखीची. रोज एक, कधी दोन."

"अर्जात लिहिलंय, कोणतंही औषध नाही."

"रोजचं ते औषध कसं?" गुणवत्ता अधिकारी म्हणाले.

"रक्तदाब कधी मोजलात?"

"सैन्यात होतो तेव्हा."

दुसऱ्या दिवशी अर्थात त्यांनी चाचणीच सदोष असल्याचं तीन पानी पत्र फ्लोरिसला दिलं. फ्लोरिसने आयुष्यात पहिल्यांदा हिंकेची बाजू घेतली, कारण चाचणी सदोष ठरली असती तर समितीपुढे तोच उभा राहणार होता. मग हिल्केमांनी पुन्हा चोवीस तास लघवी गोळा केली. मग आणखी एकदा, साक्षीदार म्हणून हिंकेला दिवसातून तीन वेळा फोन करत. "पोस्तुमाबाई, दोन वाजून दहा मिनिटं. दोनशे चाळीस मिलिलिटर." "नोंद घेतली." तिसऱ्या फोनला त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ते यंत्र," ते म्हणाले, "चुकतं का कधी?"

हिंकेला खोटं बोलता आलं असतं. "मी दोन महिने त्याला चुकवायचा प्रयत्न केला," ती म्हणाली. "चुकलं नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग आताचे दोनशेही लिहा."

पोटाच्या स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीवर गाठ दिसली, अक्रोडाहून थोडी मोठी. ग्रंथीविकारांच्या डॉक्टरबाईंनी त्यांना सहज विचारलं, पुढे कसली शस्त्रक्रिया वगैरे ठरली आहे का? ठरली होती. जूनमध्ये हर्नियाची, साधीच, दुपारी घरी सोडणार होते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ही गाठ माहीत नसताना कुणी त्यांना भूल दिली असती, तर रक्तदाब कुठे गेला असता हे कुणीच सांगू शकलं नसतं, आणि दुपारी घरी सोडलं असतं ते शवपेटीतून. हे हिल्केमांनी हिंकेला सांगितलं नाही. डॉक्टरबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं. हिंके खाली आपल्या खोलीत आली, दार लावलं आणि बाटल्या धुवायच्या सिंकपाशी उभी राहून पाच मिनिटं रडली. मग तोंड धुतलं, कारण अकराचे नमुने आले होते.

आधी दोन-तीन आठवडे गोळ्या देऊन रक्तदाब माणसात आणला, मग मोठ्या शहरात नेऊन गाठ काढली. मधल्या काळात मान्यता समिती येऊन गेली. तीन गृहस्थ, तिघांचे बूट करकरीत. हिंकेच्या एकशेवीस बाटल्या, वीस वेळा मोजलेला नमुना, उन्हातली खिडकी, सगळं एका जाड फायलीत होतं. एकाने ती हातात घेऊन वजन पाहिलं, "भरपूर आहे," म्हणाला, आणि फ्रिजच्या थर्मामीटरचं प्रमाणपत्र कुठे आहे विचारलं. मर्यादा ठरली ती एकशेएकोणीस माणसांवर. चौऱ्याहत्तरला वगळण्याचं कारण या रकान्यात हिंकेने लिहिलं, 'आजारी'. फ्लोरिसला तिथे सूत्र हवं होतं.

हॉस्पिटलात एक वेगळीच आशा पसरली होती. हिल्केमांचा तो राग, तो थयथयाट, तो सगळा त्या गाठीचाच की! बिचारा माणूस, आणि आपण त्याला काय काय म्हणालो. आता गाठ गेली, म्हणजे आतला खरा हिल्केमा बाहेर येणार, गोड, मवाळ, कदाचित विनोदीसुद्धा. स्वयंपाकघरातल्या बायकांनी स्वागताला गुलाबी साखरेच्या थराचा केक केला. रक्तवाल्यांनी वर्गणी काढून फुलं आणली.

ऑगस्टमध्ये हिल्केमा परत आले. गाल गुलाबी, कपाळ कोरडं, पाच किलो वजन वाढलेलं. फुलं घेतली, केक चाखला, म्हणाले, "या केकमध्ये काय काय आहे याचं पत्रक कुठे लावलंय?" पत्रक नव्हतं. पण ते पांढरे पडले नाहीत, थरथरले नाहीत, आवाजही चढला नाही. शांत, मुलायम आवाजात ते पंचवीस मिनिटं बोलले. पूर्वी दहाव्या मिनिटाला डोकं धरून त्यांना बसावं लागायचं. आता ती अडचण उरली नव्हती. शल्यविद्येने त्यांना दमसास दिला होता.

दुपारी ते हिंकेच्या खोलीत आले. त्या खोलीत ते कधीच येत नसत. पंख्याखाली उभे राहिले, बाटल्यांच्या रांगेकडे बघितलं. हिंके स्टुलावरून उठली. काहीतरी बोलतील असं तिला वाटलं, आणि बोलणार असतील तर आपण काय म्हणायचं, याचाही तिने विचार करून ठेवला होता.

हिल्केमांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. नियमभंगाची नोंद. 'दिनांक एकतीस मार्च रोजी गुप्त यादीचे पाकीट विनाअर्ज उघडण्यात आले. जबाबदार व्यक्ती: ह. पोस्तुमा, स. हिल्केमा. सुधारणेसाठी सूचना:' पुढे रकाना रिकामा.

"दोघांची नावं घातलीत," हिंके म्हणाली.

"पाकीट मी फोडलं," हिल्केमा म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

"सूचना मी भरायची?"

"तुम्हाला त्यातलं कळतं." ते दाराकडे वळले, थांबले. "सकाळपर्यंत द्या. शाईच्या पेनाने."

ते गेल्यावर हिंके कागदाकडे बघत बसली. आधी तिला चीड आली, मग हसू आलं, आणि हसू इतकं आलं की पलीकडच्या खोलीतून फ्लोरिस काय झालं बघायला आला. तिने पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं: 'अर्जात पुढील ओळ घालावी. तपासणीत काही वावगं आढळल्यास तुम्हाला कळवावं का?'

आठवड्याने अर्ज छापून आला. ओळ होती. खाली सही, शिक्का, आवृत्ती क्रमांक दोन. 'कळवावं' या शब्दाच्या जागी मात्र हिल्केमांनी 'कळवण्यात यावं' केलं होतं.

त्या हिवाळ्यात नव्या यंत्रावर आणखी दोन गाठी सापडल्या. त्यातली एक समुद्रातल्या एका बेटावरच्या बेकरीत काम करणाऱ्या बाईची, जिला आठ वर्षं सगळे मन शांत ठेव म्हणत होते. ती बाई कशी दिसते हे हिंकेने विचारलं नाही. आपल्या नशिबातले चेहरे संपले, असं तिचं मत होतं. तिने आकडा पुन्हा मोजला, तोच आला, तेव्हा फोन उचलला आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंना कळवलं.